द लाँग गुड फ्रायडे : भविष्यवाणी कसली, बातमीदारी म्हणा

निवांत_नाना (धागाकर्ता)

ब्रिटिश गँगस्टरपटांचा विषय निघाला की इथे तिसऱ्या प्रतिसादात दिग्दर्शक गाय रिची येतो आणि गाडी तिथेच रुतते. म्हणून आधीच सांगतो, हा धागा त्याच्या पहिल्या पिक्चरच्याही अठराएक वर्षं आधीच्या 'द लाँग गुड फ्रायडे'बद्दल आहे. गोष्ट शेवटापर्यंत फोडली आहे. पिक्चर १९८० चा, त्यामुळे 'सस्पेन्स घालवलात' ही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

हॅरॉल्ड शँड (बॉब हॉस्किन्स) हा लंडनचा दादा. बुटका, जाडजूड, मान जवळपास नाहीच, सूट मात्र उंची. गुड फ्रायडेला काँकॉर्डने न्यूयॉर्कहून परत येतो. बेत मोठा आहे. बंद पडत चाललेल्या लंडनच्या गोदीची जमीन हातात घ्यायची आणि तिथे नवं शहर उभं करायचं. पैसा अमेरिकन माफियाचा, परवानग्या खिशातल्या नगरसेवकाकडून, पोलीस आधीच पगारावर. माफियाचा माणूस चार्ली नेमका त्याच दिवशी पाहुणा म्हणून आलाय, आणि त्याच दिवशी हॅरॉल्डच्या आईला चर्चला घेऊन गेलेली रोल्स-रॉइस ड्रायव्हरसकट उडते, जुना जिवलग कॉलिन जलतरण तलावावर भोसकला जातो, कसिनोत न फुटलेला बॉम्ब सापडतो, आणि पाहुण्यांना ज्या पबात जेवायला न्यायचं तो पब हे लोक दारात पोचता पोचता उडतो.

कोण करतंय, हॅरॉल्डला कळत नाही. प्रेक्षकालाही धड कळत नाही, कारण पहिली काही मिनिटं जवळजवळ संवादच नाहीत. सूटकेस, नोटा, आयर्लंडमधलं घर, गोळ्या. कोण कोणाचा माणूस हे अर्धा पिक्चर गेल्यावर जुळायला लागतं. हॅरॉल्ड परदेशात असताना त्याचा उजवा हात जेफ यानं नगरसेवकाच्या वतीनं आयआरएला (उत्तर आयर्लंडमधून ब्रिटिशांना हटवायला लढणारी सशस्त्र संघटना) पैसे पोचवलेत. बांधकामावरचे आयरिश मजूर बिनबोभाट राबावेत म्हणून दिलेला हा हप्ता. पोचवणाऱ्या कॉलिननं त्यातले थोडे लाटले, त्याच रात्री आयआरएची माणसं मारली गेली, आणि आयआरएनं हिशेब लावला की टीप लंडनहून गेली. म्हणजे ज्या माणसाला यातलं काहीच ठाऊक नाही त्याच्या अंगावर सगळं आलंय.

माझ्या मते पिक्चरचा जीव इथे आहे. आपलं ते कोणालातरी हवंय, असंच हॅरॉल्ड शेवटपर्यंत धरून चालतो. मग तो लंडनच्या सगळ्या टोळीवाल्यांना उचलून कत्तलखान्यात आणतो आणि मांस टांगायच्या आकड्यांना उलटं लटकवतो. त्यांच्या नजरेतून कॅमेराही उलटा होतो आणि हॅरॉल्ड उलट्या जगात येरझाऱ्या घालत प्रश्न विचारतो. प्रसंग गाजला तो क्रूरपणामुळे. मला त्यातला मूर्खपणा जास्त दिसतो. ज्यांचा काही संबंध नाही त्यांना टांगून तो अख्खी रात्र घालवतोय. नाव कळल्यावरही तो तीच चूक करतो. पैसे देतो म्हणून आयआरएच्या म्होरक्यांना बोलावतो, स्टेडियमवर त्यांना गोळ्या घालतो आणि मिटलं म्हणून सेव्हॉय हॉटेलात पाहुण्यांकडे जातो. ते बॅगा भरून निघालेत. हॅरॉल्ड त्यांना कचकचीत सुनावतो, गुर्मीत बाहेर येतो, गाडीत बसतो. गाडी त्याची, पण चालवणारा दुसराच. पुढच्या सीटवरून एक देखणा पोरगा पिस्तूल रोखून हसतो. हा पिअर्स ब्रॉस्नन, पहिलाच पिक्चर, पात्राला नावसुद्धा नाही, श्रेयनामावलीत नुसता 'पहिला आयरिशमन'.

मग मिनिटभराहून जास्त काळ नुसता हॉस्किन्सचा चेहरा. एक शब्द नाही. चिडतो, सुटका शोधतो, हिशेब लावतो, आणि मग ओठ मागे खेचून दात दाखवतो. ते हसू आहे की काय आहे यावर लोक अजून भांडतात.

आता स्वागताचं. हा पिक्चर थिएटरात येता येता राहिला होता. खर्च सुमारे ९ लाख ३० हजार पौंड, तयार झाला आणि निर्माता ल्यू ग्रेडच्या कंपनीला तो पाहून घाम फुटला. शूटिंग १९७९ चं. त्याच वर्षी मार्चमध्ये संसदेच्या आवारात खासदार एअरी नीव्ह बॉम्बनं मारले गेले आणि ऑगस्टमध्ये आयआरएनं माउंटबॅटनना मारलं. अशा वेळी आयआरए जिंकते असं दाखवणारा पिक्चर कोण लावणार? कापून छाटून टीव्हीवर दाखवायचं घाटत होतं. वर अमेरिकेसाठी हॉस्किन्सचा आवाज काढून दुसऱ्या नटाचा घालायचा, कारण म्हणे लंडनी बोली तिकडे समजायची नाही! हॉस्किन्स कोर्टात जायला निघाला. शेवटी बीटल जॉर्ज हॅरिसनच्या हँडमेड फिल्म्सनं खर्चापेक्षा लाख-दोन लाख कमी मोजून पिक्चर उचलला आणि १९८१ मध्ये तो धड रूपात लागला. हॉस्किन्सला बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्काराचं नामांकन मिळालं, पुढच्या वर्षी अमेरिकेत समीक्षक रॉजर ईबर्टनं चारपैकी चार तारे दिले, आणि १९९९ च्या बीएफआयच्या (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट) शंभर ब्रिटिश चित्रपटांच्या यादीत तो २१ वा आला.

इथवर ठीक. पण गेल्या काही वर्षांत याच्यावर जो तो एकच लिहितो : काय द्रष्टा पिक्चर! गोदीत टॉवर येणार हे सांगितलं, ऑलिंपिक येणार हे सांगितलं, थॅचर यायच्या आधी थॅचरचं लंडन दाखवलं. हे मला पटत नाही. लेखक बॅरी कीफ पूर्व लंडनचाच, तिथल्या 'स्ट्रॅटफर्ड एक्सप्रेस'मध्ये बातमीदार होता. हॅरॉल्डची यॉट उभी असते त्या सेंट कॅथरिन डॉक्समध्ये १९७३ लाच मोठं हॉटेल उघडलं होतं. जमीन, नगरसेवक, पोलीस, परका पैसा, सगळं समोर चाललेलं. कीफनं ते लिहिलं. द्रष्टा म्हटलं की एक सोय होते, तेव्हा हे उघड दिसत होतं आणि कोणी बोललं नाही, हे विसरता येतं.

चर्चा अपेक्षित. 'मला बोअर झाला' हेही चालेल, पण कारण द्या.

---

बारा_आणे

पाहिला नाही. वाचनखूण साठवली आहे. टोकन प्रतिसाद, धागा वर राहावा म्हणून.

---

झुळूक

मला बोअर झाला, आणि हे घ्या कारण. सुरुवातीची दहा मिनिटं नुसते चेहरे बदलतात. कोण मेलं, कोणी मारलं, पत्ता नाही. त्यात हॉस्किन्स बोलायला लागला की अर्धं कळत नाही. सबटायटल लावली तर त्यातही शिव्या सोडून बाकी काही ओळखीचं निघेना. अर्ध्या तासाला बंद केला. नाना, तुमचं वाचून पुन्हा बघावासा वाटतोय हे मात्र खरं.

---

निवांत_नाना

@झुळूक, सुरुवात सोडून द्या आणि हॅरॉल्ड विमानतळावर उतरतो तिथून बघा. मग सगळं संपल्यावर पहिली दहा मिनिटं परत. मी तसंच करतो. बोलीचं म्हणाल तर एक प्रसंग बघाच. कॉलिनचं प्रेत तलावावरून गुपचूप न्यायचंय, पोलीस नकोत, म्हणून ते आइस्क्रीमच्या गाडीतून नेतात. हॅरॉल्ड हळहळतो, की याच्यासारख्या माणसानं असं आइस्क्रीमसारखं जावं? रडावं का हसावं कळत नाही. हा माणूस प्रेतावर विनोद करत नाहीये, तो मनापासून दुखावलाय, आणि बोलण्याची पद्धतच अशी आहे. दुसऱ्या कुणाचा आवाज घालून हे कसं उतरलं असतं सांगा.

---

थेम्सकाठी

नाना, मी १२ वर्षं कॅनरी व्हार्फला, म्हणजे जुन्या गोदीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांत, नोकरीला आहे, त्यामुळे हा विषय घरचा झालाय. तुमचं अर्धं पटलं.

गोदी का पडली ते आधी सांगतो, कारण पिक्चरवर लिहिणारे हे गाळतात. कंटेनर आले, जहाजं मोठी झाली, आणि ती शहराच्या पोटात वळणं घेत येण्यापेक्षा खाली टिलबरीला लागू लागली. वेस्ट इंडिया डॉक्स १९८० मध्ये बंद, रॉयल डॉक्स १९८१ मध्ये. पिक्चरमध्ये हॅरॉल्ड पाहुण्यांना यॉटवर घेऊन टॉवर ब्रिजच्या पार्श्वभूमीवर भाषण ठोकतो, १९८८ चं ऑलिंपिक इथे होऊ शकेल म्हणतो. १९८१ मध्ये सरकारनं डॉकलँड्ससाठी वेगळं विकास महामंडळच काढलं. ८८ चं ऑलिंपिक सोलला गेलं, लंडनला २०१२ मध्ये आलं, तेही स्ट्रॅटफर्डला. कीफ जिथे बातमीदार होता तिथेच. तेव्हा लोकांना चेकाळायला झालं तर दोष देऊ नका.

पण ज्या गोष्टीला खरंच भविष्य म्हणता येईल ती कोणी बोलत नाही. कॅनरी व्हार्फचा वन कॅनडा स्क्वेअर हा ५० मजली टॉवर १९९१ मध्ये उभा राहिला. १९९२ मध्ये आयआरएनं कॅनरी व्हार्फला गाडीत बॉम्ब लावायचा प्रयत्न केला, सुरक्षारक्षकांनी तो हाणून पाडला. मग ९ फेब्रुवारी १९९६ ला शेजारच्याच साउथ क्वेला आयआरएचा लॉरीतला बॉम्ब फुटला. दोघं गेले, शंभरावर जखमी झाले, आणि १७ महिन्यांची शस्त्रसंधी मोडली. माझी ट्राम, म्हणजे डीएलआर ही डॉकलँड्सची छोटी रेल्वे हो, त्या स्टेशनावरून जाते. हॅरॉल्डच्या स्वप्नातली जागा आणि हॅरॉल्डला न कळलेला शत्रू, दोघांची गाठ पंधरा वर्षांनी प्रत्यक्षात पडली. आणि उत्तर आयर्लंडचा शांतता करार झाला तो १० एप्रिल १९९८ ला, दिवस गुड फ्रायडे! हे बातमीदारीत बसतं का, सांगा.

---

निवांत_नाना

@थेम्सकाठी, साउथ क्वेचा मुद्दा जबरदस्त. तारीख जुळली हा निव्वळ योगायोग, तो सोडा. बॉम्बबद्दल मात्र मी म्हणेन की पैसा जिथे साठतो तिथेच घाव घालायचा हे डोकं आयआरएकडे होतं, ९२ आणि ९३ मध्ये लंडनच्या सिटी भागातही मोठे स्फोट त्यांनी केलेच. कीफला पुढचं दिसलं असं नाही, त्याला समोरचा शत्रू नीट कळला होता. हॅरॉल्डला नव्हता कळला.

---

खडूस_मास्तर

सगळे आरत्या ओवाळताहेत तर मी उलट बोलतो.

एक, आयआरए. नाना म्हणतात, लेखकाला शत्रू नीट कळला. कुठे कळला? पिक्चरभर आयरिश माणूस म्हणजे कोपऱ्यात उभा एक थंड चेहरा. तो का लढतो, बेलफास्टच्या गल्लीत काय चाललंय, एक ओळ नाही. १९८१ मध्ये पिक्चर लागला त्याच वर्षी आयआरएचा बॉबी सँड्स तुरुंगात उपोषण करून मेला. तो माणूस कसा आणि का मरतो हे लंडनच्या प्रेक्षकाला या पिक्चरवरून काय कळणार? भूत दाखवलंय, भूत.

दोन, लंडनच्या ब्रिक्स्टन भागातला प्रसंग. एरल नावाच्या काळ्या खबऱ्याच्या घरात घुसतात, हॅरॉल्डचा गुंड रेझर्स त्याला कोयत्यानं कापतो आणि पुन्हा हॅरॉल्ड बाहेर येऊन गल्लीचा दर्जा कसा घसरला यावर उसासे टाकतो. चाहते म्हणतात हे हॅरॉल्डवरचं भाष्य आहे. असेल. पण एरलला पॉल बार्बरसारखा नट दिलात (हाच पुढे 'द फुल माँटी'त), आणि करायला काय दिलंत, ओरडायला.

तीन, मायकेल केनचा गँगस्टरपट 'गेट कार्टर' याहून सरस. संपलं.

---

परळचा_पोरगा

मास्तर, तिसऱ्या मुद्द्याला +१. लई भारी पिक्चर.

नानांना एक विचारतो. गोदीच्या जागी टॉवर म्हटल्यावर मला आमचं गिरणगावच दिसलं. ८२ चा संप, मग गिरण्या बंद, मग मॉल नि टॉवर, मध्ये दादालोक. सेम टु सेम की नाही?

---

थेम्सकाठी

@परळचा_पोरगा, वरून सेम, आतून नाही. गोदी धंद्याच्या तंत्रानं मारली आणि जमीन बरीचशी सार्वजनिक संस्थांकडे होती. तुमच्याकडे जमीन गिरणीमालकाची, आणि कामगाराला हक्काचं घर मिळायचं की नाही हे भांडण दशकं चाललं. या पिक्चरमध्ये तर कामगार जवळपास दिसतच नाही. हॅरॉल्ड गोदीबद्दल बोलतो तेव्हा जहाजं आठवतो, हमाल आठवत नाही. नाना, ही तुमच्या बातमीदाराची सगळ्यात मोठी सुटलेली बातमी!

---

कोरा_चहा

कोणीच हेलन मिरेनबद्दल बोललं नाही. पुरुषांचा धागा!

व्हिक्टोरिया हे तिचं पात्र, हॅरॉल्डची सोबतीण, मूळ पटकथेत दादाची शोभेची बाई होती. मिरेननं हट्ट धरून ती बदलून घेतली. म्हणून काय झालं बघा. बॉम्ब फुटताहेत आणि ही जेवणाच्या टेबलावर माफियाला सांभाळते आहे. हसते, वाइन ओतायला लावते, खोटं बोलते, आणि ते खोटं हॅरॉल्डच्या खोट्यापेक्षा चांगलं असतं. यॉटवर हॅरॉल्ड फुटक्या बाटलीनं जेफला मारतो, रक्तानं माखतो आणि कोसळतो, तेव्हा त्याला ताळ्यावर आणणारी हीच. तो प्रसंग तिच्याशिवाय नुसता किंचाळण्याचा झाला असता. जेफ तिच्यावर लिफ्टमध्ये डोळा टाकतो तेव्हाही ती त्याला एका नजरेत जागेवर बसवते. आणि शेवटी तिला दुसऱ्या गाडीत कोंबून नेतात, काचेमागून ती ओरडते, आवाज येत नाही. तिचं पुढे काय झालं हे पिक्चर विचारत नाही. मास्तर, तुमच्या तक्रारवहीत ही चौथी घाला.

---

खडूस_मास्तर

@कोरा_चहा, घातली. आणि तिच्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते बिनशर्त मान्य.

'गेट कार्टर'बद्दल दोन ओळी, कारण स्वागताचा विषय आहे. १९७१ मध्ये तो आला तेव्हा अनेक समीक्षकांनी नाकं मुरडली, थंड आहे, हिंसक आहे म्हणून. नव्वदीत पोरांनी डोक्यावर घेतला. बीएफआयच्या त्याच यादीत तो १६ वा, म्हणजे तुमच्या हॅरॉल्डच्या पाच पायऱ्या वर. ज्या काँक्रीटच्या पार्किंगवरून मायकेल केन एकाला खाली फेकतो ते गेट्सहेडचं पार्किंग २०१० मध्ये पाडलं आणि त्याचे तुकडे डब्यात भरून ५ पौंडांना विकले. वाईट म्हणून हिणवलेली इमारत पिक्चरमुळे प्रसाद झाली.

---

ढोलकीचा_ठेका

संगीताचं राहिलं. फ्रान्सिस मंकमन, 'स्काय' आणि 'कर्व्ह्ड एअर' या बँडांमधला. विमानतळावर हॅरॉल्ड चालत येतो त्यावरचं सिंथ आणि सॅक्सोफोन ऐका. विजयी मिरवणुकीचं संगीत आहे, आणि माणूस चाललाय खड्ड्याकडे. शेवटच्या चेहऱ्यावर पुन्हा तेच येतं. आज काहींना ते सिंथ जुनाट वाटतं. माझ्या बायकोला तर एखाद्या जुन्या कार्यक्रमाचं शीर्षकसंगीत वाटलं. वाटो.

अवांतर : कॅमेरा फिल मेहूचा. याच माणसानं पुढे 'गोल्डनआय' चित्रित केला, म्हणजे मुका आयरिशमन ब्रॉस्नन आणि बाँड ब्रॉस्नन, दोन्ही एकाच भिंगातून. आणि रेझर्स झालेला पी. एच. मॉरिआर्टी पुढे गाय रिचीच्या 'लॉक, स्टॉक...'मध्ये हॅचेट हॅरी म्हणून येतो. नाना रागावतील, थांबतो.

---

निवांत_नाना

@ढोलकीचा_ठेका, एकदा माफ.

@खडूस_मास्तर, ब्रिक्स्टनबद्दल वाद घालत नाही, तो प्रसंग मलाही बघवत नाही. आयआरएबद्दल घालतो. ते भूत दिसतात कारण आपण हॅरॉल्डबरोबर फिरतोय, आणि हॅरॉल्डला आयरिश माणूस म्हणजे बांधकामावरचा मजूर एवढंच ठाऊक. त्याचा पोलीसवाला पार्कीसुद्धा त्याला सांगतो की हे प्रकरण तुझ्या-माझ्या आवाक्यातलं नाही. तो ऐकत नाही. म्होरक्यांना मारलं की टोळी संपते, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव. समोर टोळी नाहीच. पिक्चरनं बेलफास्टची गल्ली समजावून सांगितली असती तर प्रेक्षक हॅरॉल्डच्या पुढे गेला असता आणि सेव्हॉयच्या दारातली गाडी आपल्याला आधीच कळली असती.

@थेम्सकाठी, हमालांचा मुद्दा मात्र लागला. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

---

झुळूक

पाहिला. विमानतळापासून सुरू केला, नानांच्या पद्धतीनं. कत्तलखान्यापर्यंत अजूनही वाटत होतं की एवढं काय! मग चार्लीशी शेवटचं भांडण झालं. अमेरिकेनं जगाला हॉट डॉगपलीकडे काय दिलं, असा तो तोरा, इंग्लंड, संस्कृती, युरोप, आता जर्मनांबरोबर धंदा करतो म्हणे! ब्रेक्झिटनंतर बघताना ते युरोपचं प्रेम ऐकून गंमत वाटली. आणि दोन मिनिटांत तो गाडीत.

शेवटच्या चेहऱ्याबद्दल माझं मत : हसू नाही ते. दात आवळलेत. बहिणीचं म्हणणं वेगळं. ती म्हणते, त्याला पहिल्यांदाच तोलामोलाचा माणूस भेटलाय आणि त्याला ते आवडलंय.

---

कोरा_चहा

बहिणीला सभासद करून घ्या.

---

खडूस_मास्तर

बहिणीशी असहमत. दिग्दर्शक जॉन मॅकेन्झीनं हॉस्किन्सला गाडीत बसवून फिरवलं आणि आतापर्यंतची सगळी गोष्ट मनात आठवत जा म्हणून सांगितलं, असं सांगतात. मग त्या चेहऱ्यावर आई, कॉलिन, जेफ, व्हिक्टोरिया सगळे क्रमानं यायला हवेत. मी परवा तसं धरून पाहिलं. डोळे खाली जातात तिथे जेफ आहे, माझी पैज. दात दाखवतो तिथे कोण, ते अजून लागलं नाही. चार्ली असावा.

---

परळचा_पोरगा

मास्तर, पिक्चर आवडत नाही म्हणत किती वेळा बघितलात?